इंदूर ते श्रवणबेळगोळ : मोटारीचा एक प्रवास

व्यापारी मनुष्याचा भूगोल बहुधा बिल्टीच्या कागदावर तयार होतो. आमच्या धान्याच्या पेढीवर बसून गेलीं चाळीस वर्षें मीं पिंपळगांव, निपाणी, ब्याडगी, दावणगेरे हीं नांवें अगणित वेळां लिहिलीं व उच्चारलीं. परंतु त्या गांवांची माती कोणत्या रंगाची आहे, असें कोणी विचारलें असतें तर मला उत्तर देतां आलें नसतें. गादीवर बसलेल्या माणसास गांव दिसत नाहीं, त्या गांवचा भाव तेवढा दिसतो. सन २०२३ च्या डिसेंबरांत आम्हीं उभयतांनीं इंदुराहून श्रवणबेळगोळापर्यंत मोटारीनें जो प्रवास केला, त्यांत हा भेद चांगलाच उमगला. तो वृत्तांत आपल्या व्यापारी बंधूंपुढें ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलांचा आग्रह विमानाचा होता. त्यावर सौ.चें म्हणणें पडलें, "विमानानें गेलें तर मधला मुलूख या जन्मीं दिसायचा नाहीं. आपण जमिनीवरूनच जाऊं." तिचा शब्द मान्य झाला. जुना विश्वासू मोटारचालक बरोबर घेतला आणि मुक्कामांची यादी केली. ती यादी पहिल्याच दिवशीं निकामी झाली. आमच्या घरीं सूर्यास्तानंतर भोजन नाहीं आणि पाणी गाळल्यावांचून पिणें नाहीं. डिसेंबरचा दिवस लहान; त्यामुळें सायंकाळीं पांचच्या सुमारास मोटार जेथें असेल तेथेंच शिदोरी सोडावी लागे, मग तें ठिकाण यादींत असो वा नसो. हा नियम प्रवासास अडचणीचा होईल असें सर्वांचें मत होतें. प्रत्यक्षांत त्या नियमानेंच आम्हांला माणसें भेटविलीं.

पहिला अनपेक्षित थांबा मात्र चाकानें घडविला. मानपूरचा घाट उतरून खलघाटाजवळ नर्मदेचा पूल ओलांडला आणि लगेच चाकांतील हवा गेली. चाक बदलेपर्यंत आम्हीं झाडाखालीं बसलों. तेथें परिक्रमेस निघालेल्या कांहीं स्त्रिया विसावल्या होत्या. नर्मदामाई उजव्या हातास ठेवून चालावयाचें आणि परिक्रमा पुरी होईपर्यंत तिचें पात्र ओलांडावयाचें नाहीं, हा त्यांचा नेम. त्यांतील एक वृद्ध बाई पलीकडच्या तीराकडे बोट दाखवून म्हणाली, "तेथें पोंचायला आम्हांला होळी उजाडेल." तोच पूल आम्हीं दोन मिनिटांत मागें टाकला होता. त्यानंतर सौ.नें चालकास गाडी जोरांत हांकूं दिली नाहीं.

सेंधवा, शिरपूर, धुळें मागें पडलें. चांदवडच्या अलीकडे दुसरा थांबा घडला. तो आम्हां दोघांच्याही कायमचा स्मरणांत राहिला आहे. केंद्र सरकारनें त्याच आठवड्यांत, ८ डिसेंबरपासून, कांद्याची निर्यात बंद केली होती. नाशिक जिल्ह्यांत लिलाव बंद पडले होते व संतप्त शेतकरी रस्त्यावर उतरले होते. आमच्यापुढें ट्रॅक्टरांची व मालमोटारींची लांबच लांब रांग उभी राहिली. शेजारच्या ट्रॅक्टरावर एक शेतकरी व त्याची बायको बसलीं होतीं. मागें ट्रॉली भरून लाल कांदा. आमच्या स्वयंपाकघरांत कंदमूळ कधीं शिरलें नाहीं. कांद्याचा इतका मोठा ढीग सौ.नें जन्मांत प्रथमच जवळून पाहिला.

मीं व्यापारी आहें हें कळल्यावर शेतकऱ्याची मुद्रा जराशी आवळली. मीं सांगितलें, "१३ मे २०२२ रोजीं गव्हाची निर्यात बंद झाली, तेव्हां आमचेही हाल झाले होते." तो शांतपणें म्हणाला, "शेठजी, तुमचा गहू कोठारांत वाट पाहूं शकतो. उन्हाळी कांदा असता तर मींही चाळींत ठेवला असता. हा लाल कांदा वाट पाहत नाहीं." या वाक्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. भाव पडला म्हणजे पेढीवर आम्ही खतावणींत तोटा मांडतों. येथें तो तोटा ट्रॉलींत बसून नासत होता.

सूर्य कलूं लागला तशी सौ.नें दशम्या काढल्या व निम्म्या त्या बाईच्या हातीं दिल्या. तिनें आपल्या कळशींतलें पाणी पुढें केलें. सौ. तें फडक्यानें गाळूं लागली, तेव्हां मला वाटलें कीं आतां बाईचा अपमान होणार. परंतु ती हंसून म्हणाली, "आमची आजेसासूही असंच गाळून प्यायची." रस्त्याच्या कडेस चौघांनीं मिळून जेवण केलें. रात्रीं उशिरां वाट मोकळी झाली व चांदवडासच मुक्काम पडला. सकाळीं होळकरांचा रंगमहाल बाहेरून पाहिला. अहिल्याबाईंचें नांव तेथेंही घराघरांत आहे, हें पाहून आम्हां इंदूरकरांस धन्य वाटलें. निर्यातबंदी पुढें मे २०२४ मध्यें उठली. तोंवर लाल कांद्याचा हंगाम केव्हांच सरला होता.

पुणें, कोल्हापूर, बेळगांव करीत तिसऱ्या दिवशीं हावेरीच्या पुढें आलों, तों पुन्हां सायंकाळ झाली आणि ब्याडगीची पाटी दिसली. तेथील एका पेढीस आम्ही तीस वर्षें माळव्याचा हरभरा पाठवीत आलों. लक्षावधि रुपयांचा माल केवळ शब्दावर गेला. दर पाडव्यास फोनवर मोडक्यातोडक्या हिंदींत परस्परांस "एकदां या" म्हणणें होई. पेढीचे जुने मालक वर्षापूर्वीं वारले होते. ज्यांचा आवाज मीं हजारांत ओळखला असता, त्यांचा चेहरा प्रथम पाहिला तो भिंतीवरील हार घातलेल्या तसबिरींत. मुलानें कपाटांतून माझ्याच हस्ताक्षरांतील जुन्या पत्रांचा गठ्ठा काढून दाखविला. वडिलांनीं एकही पत्र टाकलें नव्हतें.

अंगणांत लाल मिरचीचे ढीग पसरले होते. ब्याडगी मिरची सुरकुतलेली, रंगानें गडद आणि तिखटास सौम्य; २०११ सालीं तिला भौगोलिक उपदर्शन मिळालें. घरांतील सुनेला मराठी येत नव्हतें व सौ.ला कन्नड येत नव्हतें. तरीही मिरची कशी निवडावी हा पाठ हातवाऱ्यांनीं पूर्ण झाला. निघतांना सुनेनें सौ.ची ओटी भरली. तीस वर्षांच्या व्यवहारांत जें जमलें नाहीं, तें तासाभरांत जमून गेलें.

श्रवणबेळगोळास पोंचलों. विंध्यगिरीच्या सहाशेंहून अधिक पायऱ्या सौ. अनवाणी, सावकाश चढली. चामुंडरायानें दहाव्या शतकाच्या अखेरीस करविलेल्या त्या ५७ फुटी बाहुबलींच्या चरणांपाशीं एक मराठी लेख आहे. मूर्ति चामुंडरायानें व सभोंवतालचा प्राकार गंगराजानें करविला, एवढाच त्याचा आशय. मराठीच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. कन्नड मुलखांत मराठी अक्षरें पाहून सौ. म्हणाली, "ब्याडगीच्या सुनेशीं बोलतांना भाषा आडवी आली नाहीं, ती येथेंही कधीं आली नसावी."

आपल्या मंडळाच्या सभासदांस माझी एवढीच विनंती आहे. ज्या बाजारांचा माल आपण घेतों व देतों, ते बाजार वर्षांतून एकदां तरी जमिनीवरून जाऊन पहावे, आणि घरधनिणीस बरोबर न्यावें. कारण आपण भाव विचारतों, त्या माणसें विचारतात. शब्दावर चालणारा व्यापार आपल्या वाडवडिलांनीं उभा केला. त्या शब्दामागील चेहरे हयात आहेत तोंवर पाहून घ्यावे.