बर्फाच्या पेटीत गरम माल्ट

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे हे कारंजा (घाडगे)मध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तिचा अर्थ बरेच जण ‘दुकान नाही, बार नाही’ एवढाच लावतात. मग पुढचा समज आपोआप येतो: विकायची नाही, घरच्यापुरती चार बाटल्या बियर केली तर कोणाच्या बापाचं काय जातं? जातं. १९४९ चा कायदा, ज्याला आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, तो एकट्या वर्ध्याचा नाही, अख्ख्या राज्याचा आहे. परवान्याशिवाय दारू तयार करायला त्याच्या कलम १२ ने मनाई आहे, आणि या कायद्याच्या लेखी बियर ही दारूच. कलम ६५ तर दारू बनवण्याच्या हेतूने भांडी आणि साधनं बाळगण्यालाही शिक्षा सांगतं. म्हणजे बियरसाठी तोटी बसवलेली बर्फाची पेटी कोरडी ठणठणीत असली, तरी हेतू तोच असेल तर ती अंगाशी येऊ शकते. हद्द ओलांडून कोंढाळीला, नागपूर जिल्ह्यात, खोली घेतली तरी फरक पडत नाही. तिथले बार परवान्यावर चालतात. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने ताजी बियर बनवून द्यायला सुरुवात केली तीही मायक्रोब्रुअरीचा परवाना काढूनच.

तेव्हा बर्फाची पेटी वापरून घरी बियर करण्याचं पुढचं सगळं कारंज्यात करून बघण्यासाठी नाही. ते आहे इथून लीड्सला, मेलबर्नला, न्यू जर्सीला गेलेल्या पोरापोरींसाठी. ब्रिटनमध्ये घरच्या बियरला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती मोकळी झाली, तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं तर २०१३ मध्ये राजी झाली. विकायला मात्र या देशांतही परवाना लागतोच.

भाचा घरी बियर करतो म्हटलं की इकडे मावशीच्या डोळ्यांपुढे हातभट्टी उभी राहते. ती भीती अनाठायी आहे. हातभट्टीत आंबवण उकळून त्याची वाफ थंड करून दारू गाळतात. बियरमध्ये असं वाफेचं गाळणं नाहीच, नुसतं आंबवणं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळे, आणि जवाच्या बियरमध्ये ते धोक्याच्या प्रमाणात तयार होत नाही.

आता पेटी. थंड ठेवण्यासाठी बनवलेली पेटी गरम कशी ठेवेल, हा प्रश्न शिकल्यासवरल्या माणसालाही पडतो. कारण आपल्या मनात पेटी ‘थंडावा देते’. ती काहीच देत नाही. दोन प्लास्टिकच्या भिंतींमध्ये फोम असतो, आणि फोम उष्णतेची ये-जा मंदावतो, मग ती कुठल्याही दिशेने असो. लग्नाच्या मांडवात ज्या कॅम्परमध्ये गार पाणी असतं, तसल्याच कॅम्परमधून ग्रामसभेत चहा येतो. तेव्हा कोणी आश्चर्य करत नाही.

बियरसाठी या पेटीचं काम एका तासाचं आहे. मोड आणून वाळवलेला जव, म्हणजे माल्ट, भरडून कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात भिजवायचा आणि मिश्रण ६२ ते ७० अंशांच्या दरम्यान धरून ठेवायचं. एवढ्या वेळात माल्टमधलीच विकरं, म्हणजे एन्झाइम, पिठाची साखर करतात. खालच्या टोकाला, ६३-६४ च्या आसपास, यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते आणि बियर हलकी, कोरडी उतरते. ६८-६९ ला न आंबणारा गोडवा जास्त उरतो आणि अंगाने भरलेली बियर मिळते. पंचाहत्तरीच्या पुढे विकरं मरतात. म्हणूनच बाहेर बर्फ पडत असताना तासभर पारा फारसा हलू न देणारं भांडं हवं, आणि बरी आइस बॉक्स तासाला साधारण एक-दोन अंशच सोडते.

इथून महागड्या पेटीचा मोह सुरू होतो. आठवडाभर बर्फ टिकवणारी जाड भिंतींची पेटी घेतली की बियर चांगली, असं दुकानदार सांगतो, आणि आपण ऐकतो. मला हा खर्च बहुतेकांसाठी फुकट वाटतो. तासाभराच्या कामात जाड भिंत फार तर अर्धा-एक अंश वाचवेल. खरी घसरण होते पहिल्या पाच मिनिटांत, थंडगार पेटी गरम पाणी पिऊन घेते तेव्हा. त्यावर उपाय फुकटचा आहे: चार-पाच लिटर गरम पाणी आत ओतून, झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं आणि मग ते काढून टाकायचं. दुसरी गळती झाकणाची. स्वस्त पेट्यांच्या भिंतींत फोम असतो, पण झाकण बरेचदा आतून पोकळ निघतं. बोटाने ठोकून बघा. ढबढब वाजलं तर आतल्या बाजूला बारीक छिद्रं पाडून फवाऱ्याचा फोम भरा आणि छिद्रं बुजवा. तेही नको असेल तर वरून जुनी गोधडी टाका. उरलेला पैसा थर्मामीटरला ठेवा आणि तो बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो की नाही हे तपासून घ्या. तीन अंश चुकणारा थर्मामीटर असेल तर पेटीचा अर्धा अंश मोजण्यात काय अर्थ?

पाणी किती गरम घ्यायचं यालाही ठरलेला एक आकडा नाही. पाच किलो माल्टला पंधरा लिटर पाणी घेतलं आणि मिश्रण ६६ अंशांवर हवं असेल, तर लीड्सच्या गॅरेजमध्ये १० अंशांवर गारठलेल्या माल्टला पाणी ७४ च्या आसपास लागतं. तोच माल्ट कारंज्यातल्या मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांवर पडला असता तर ६९ पुरले असते. इंग्रजी पुस्तकातला आकडा डोळे झाकून उचलणाऱ्याचं मिश्रण म्हणूनच कधी वर जातं, कधी खाली.

ते खाली गेलं तर? इथे आपल्याकडचा माणूस हमखास पाणी तापवायचा रॉड आणतो. तो पेटीत सोडू नये. रॉडला चिकटलेला माल्ट जळतो, प्लास्टिकला टेकला तर भिंत वितळते, आणि विजेचा धक्का बसायचा तो वेगळाच. उकळतं पाणी घाला. वरच्या मापाचं मिश्रण ६२ वरून ६६ वर न्यायला साधारण दोन लिटर पुरतं. थोडं थोडं ओतत ढवळायचं.

माप घेताना ‘मोठी घेऊन ठेवू, कामाला येईल’ हा हिशेब उलटा पडतो. पाच किलो माल्ट आणि पंधरा लिटर पाणी मिळून जागा लागते साडेअठरा लिटर. त्यासाठी २५ ते ३० लिटरची पेटी बस्स. साठ लिटरच्या रुंद पेटीत तेवढाच माल्ट पातळ थरात पसरतो, वर मोकळी हवा राहते, उष्णता लवकर जाते आणि गाळणही नीट होत नाही. चौकोनी की गोल, यावर मंडळी तासन्‌तास भांडतात. दोन्ही चालतात.

प्लास्टिकबद्दल दोन टोकं आहेत: सगळंच विष, किंवा सगळंच चालतं. आतली भिंत खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या एचडीपीई किंवा पीपीची असेल तर ७० अंशांना ती पुरेशी आहे. मासळीबाजारातली नुसत्या थर्माकोलची पेटी मात्र घेऊ नका. कढत पाण्यात थर्माकोल मऊ पडतो आणि त्याच्या कणाकणांत माल्ट जाऊन बसतो. तोटीकडे जाणाऱ्या पाइपाचंही तसंच. थंड पाण्याचा साधा पीव्हीसी इथे नको. गिझरच्या लाइनचा सीपीव्हीसी उष्णता झेलतो, पण स्टेनलेस स्टील सगळ्यांत निर्धास्त.

तोटी बसवणं हे प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम. पेटीची मूळ निचऱ्याची तोटी काढली की बहुतेकदा नवीन भोक पाडावंच लागत नाही. त्याच भोकातून अर्धा इंची स्टीलचा निपल घालायचा, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे वॉशर आणि नट, बाहेर बॉल व्हॉल्व्ह. लोक चुकतात ते नट आवळताना. लोखंडी टाकीसारखा जोर लावला की प्लास्टिकची भिंत दबते, वॉशर तिरका होतो आणि पाणी तिथूनच झिरपतं. हाताने घट्ट करून पान्याने पाव फेरा, एवढं पुरे. गळलंच तर वॉशर बदला; एम-सील थापून मोकळं होऊ नका, ते खाण्याच्या भांड्यासाठी नसतं.

तासाभराने माल्टचा गोड रस तोटीतून काढून घ्यायचा असतो, म्हणून आतल्या बाजूला जाळी लागते. वॉश बेसिनच्या लवचीक पाइपावरचं विणलेलं स्टीलचं आवरण काढून, आतली रबरी नळी फेकून, एक टोक दुमडून ते निपलला जोडतात. खरंच स्टील आहे ना हे बघा. दिसायला तसंच नायलॉनही मिळतं. जाळी जितकी बारीक तितका रस स्वच्छ, असं वाटतं खरं, पण रस गाळते ती जाळी नव्हे, जवाची टरफलं. ती तळाशी बसून थर करतात आणि तोच थर गाळणी होतो. म्हणून पहिला एक-दोन लिटर गढूळ रस हळूच परत वर ओतायचा, आणि तोटी पूर्ण उघडायची नाही. घाई केली की थर दबतो आणि धार बंद. गव्हाला टरफल नसतं. गहू जास्त असेल तर मिश्रणात धुतलेलं साळीचं तूस घालतात, जे भंडारा-गोंदियाकडे गिरणीमागे ढिगाने पडलेलं असतं आणि लीड्समध्ये पिशवीतून विकत घ्यावं लागतं.

आपल्या माणसाला हमखास सुचणारी कल्पना म्हणजे याच पेटीत ज्वारीची बियर. ज्वारीचं पीठ जवापेक्षा जास्त उष्णतेला फुलतं, ७० अंशांच्या आसपास आणि त्याही वर. तेवढ्या तापात साखर करणारी विकरं टिकत नाहीत. ज्वारी आधी वेगळी शिजवावी लागते, मग ती जवाच्या माल्टमध्ये मिसळायची. नुसत्या पेटीच्या भरवशावर राहिलात तर हाती आंबील लागेल.

शेवटचा प्रश्न हटकून येतो तो स्वच्छतेचा. याच पेटीत रस पुढे आंबवू नका. घासताना पडलेल्या ओरखड्यांत जंतू राहतात. माल्ट भिजवताना त्यांनी बिघडत नाही, कारण रस नंतर तासभर उकळतो. उकळून थंड केलेल्या रसाला मात्र तेच ओरखडे आंबट करतात. काम झालं की चोथा त्याच दिवशी बाहेर काढा, तोटी उघडून सुटी करून धुवा, आणि पेटी झाकण उघडं ठेवून वाळवा. चोथा गायी आवडीने खातात, पण ताजाच. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी तो आंबूस होतो.