अक्का, गोळी घेतली का?

आमच्या करमाडच्या घरात गेल्या दिवाळीपासून एकच तक्रार होती, अक्का फार विसरतात. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. दूध उतू जायचं, बचत गटाचा हप्ता भरूनही पुन्हा द्यायला निघायच्या. सासूबाई म्हणायच्या, "लक्षच नाही हिचं कशात!" मीही हसण्यावारी नेलं. पण एक दिवस त्यांच्या गोळ्यांची बाटली उघडली. रोजची एक गोळी, महिना संपलेला आणि आत अकरा गोळ्या शिल्लक! पोटात धस्सच झालं.

अक्कांना एचआयव्ही आहे. 2009 मध्ये दीर गेले, तेव्हा तपासणीत कळलं. तोवर टीबीही झालेला आणि सीडी-4 पेशी शंभराच्या खाली. सरकारने एआरटीची मोफत औषधं 2004 पासूनच सुरू केली होती. आम्हाला कळायलाच उशीर झाला.

यावेळी केंद्रात मी सोबत गेले आणि विसरण्याचंही सांगितलं. डॉक्टर बाईंनी नीट समजावलं. हा विषाणू लागणीनंतर काही आठवड्यांतच मेंदूपर्यंत पोचतो. औषधाने रक्तातला विषाणू दबतो, तरी मेंदूत थोडी सूज रेंगाळू शकते. मग विसरणं, कामाचा वेग मंदावणं, हिशेब चुकणं असं होतं. सगळ्यांनाच होत नाही. पण काहींना धोका जास्त असतो:

* उपचार उशिरा सुरू झाले, सीडी-4 एकदा फार खाली गेले
* गोळ्या मधेमधे चुकतात
* मेंदूचा टीबी किंवा दुसरा संसर्ग होऊन गेला
* बीपी, शुगर, दारूचं व्यसन
* मनाची उदासी, अपुरी झोप
* वाढतं वय

पुण्यात ‘नारी’ या तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही या विषयावर अभ्यास झाला आहे. शिक्षण कमी असेल तर कागदावरच्या चाचणीत गुण तसेही कमी पडतात. म्हणून घरच्यांनी सांगणं महत्त्वाचं: ही आधी काय करायची आणि आता काय अडतं?

अक्कांचं बीपी वाढलेलं निघालं, रक्त कमी निघालं. लेकीच्या लग्नानंतर त्या एकट्या बसून रडायच्या, हेही तिथेच कळलं. विसरल्या की गोळी चुकते, गोळी चुकली की विषाणू वाढतो आणि विसरणं आणखी वाढतं. हे चक्र तोडायचं होतं. बीपीची गोळी सुरू झाली, समुपदेशकांशी बोलणं झालं. आता देवापाशी दिवा लावला की गोळी, आणि कॅलेंडरवर फुली. गेल्या दोन महिन्यांत एकही गोळी उरलेली नाही. हिशेब अजून चुकतो, तो मी बघते.

मैत्रिणींनो, शंका असेल तर तपासणी लांबवू नका. 2017 पासून सीडी-4 कितीही असले तरी लगेच उपचार मिळतात. लवकर सुरुवात हीच मेंदूची मोठी राखण. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे. आणि घरात कुणी विसरत असेल तर रागावण्याआधी डॉक्टरांना सांगा.

हे लिहू का, असं अक्कांना विचारलं. म्हणाल्या, "लिही माय, फक्त नाव घालू नको. आणि लिही, लक्ष होतं माझं. ध्यानात राहत नव्हतं."