सीमाभागातल्या व्यवसायाचा लोगो

ग्राहकाने नाव न वाचताही माल ओळखावा, यासाठी व्यवसायाने निवडलेली खूण म्हणजे लोगो. तंबाखू आणि बिडीची जुनी पेठ असलेल्या निपाणी भागात अशा खुणेचा सर्वांत साधा नमुना बिडीच्या बंडलावर दिसतो. बंडल मुठीत मावणारे, त्यामुळे त्यावरच्या कागदावर जागा थोडी. तिथे एखादा प्राणी, माणसाचा चेहरा किंवा ठळक आकडा छापण्याची रीत बिडीधंद्यात सर्वत्र रुळली. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही चित्राचे किंवा आकड्याचे नाव घेऊन माल मागता येत असे.

कर्नाटकातल्या बेळगाव-निपाणी या सीमावर्ती पट्ट्यात चित्रावर भर देण्याला आणखी एक कारण आहे. इथल्या बाजारात देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या रोज वापरात असतात. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्ती कायद्यानुसार दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात असावे लागते. महाराष्ट्रात पाटीवरची देवनागरी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. बेळगावात एखाद्या व्यापाऱ्याने 10 फूट रुंद आणि 4 फूट उंच पाटी लावली, तर 40 पैकी 24 चौरस फूट कन्नडला जातात. उरलेल्या 16 चौरस फुटांत मराठी, इंग्रजी आणि लोगो बसवायचे. त्याच व्यापाऱ्याने कोल्हापुरात शाखा काढली की पाटीची सगळी मांडणी बदलते. लोगो केवळ अक्षरांच्या वळणावर बेतलेला असेल, तर दोन्हीकडे वेगळाच दिसतो. म्हणून आधी अक्षरांविना उभे राहणारे चित्र ठरवावे आणि नाव त्याच्या शेजारी हव्या त्या लिपीत लिहावे.

चित्र निवडताना श्रद्धेच्या आणि अस्मितेच्या विषयांपासून दूर राहिलेले बरे. 1950 च्या बोधचिन्हे व नावांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्यानुसार छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचे नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारी चिन्ह म्हणून वापरता येत नाही. धार्मिक भावना दुखावू शकणाऱ्या चिन्हाची नोंदणीही नाकारली जाते. कायद्याच्या यादीत नसलेले नावसुद्धा अंगाशी येऊ शकते. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी बिडी’ वर्षानुवर्षे खपत होती. शिवप्रेमी संघटनांच्या विरोधानंतर 2020 मध्ये कंपनीने नाव बदलण्याचे जाहीर केले आणि पुढे ती ‘साबळे बिडी’ झाली. लोकांच्या तोंडी बसलेले नाव बदलणे कुठल्याही धंद्याला महागच पडते.

लोगो दुसऱ्याच्या लोगोसारखा दिसता कामा नये. पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतघराच्या अंगणात पाण्याची बादली घेतलेली मुलगी आणि भोवती गाई-कोंबड्या होत्या. म्हैसूरच्या एका कंपनीने आपल्या वेष्टनावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी दाखवली. गाई-कोंबड्या तिथेही होत्याच. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वेष्टने फसगत होण्याइतकी सारखी ठरवली. दोन्ही शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात, सामान्य ग्राहकाच्या मनात राहिलेला एकूण ठसा पाहायचा असतो, हे सूत्र या निकालाने पक्के केले.

मालाचे वर्णन करणारा शब्द किंवा गावाचे नाव एकट्याच्या मालकीचे करणेही अवघड असते. बेळगावच्या मिठाईवाल्याला नुसत्या ‘कुंदा’ या शब्दावर हक्क सांगता येणार नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे जिल्हे येतात. ‘कोल्हापुरी’ हे नाव या सगळ्या भागातल्या कारागिरांचे सामाईक आहे. प्रत्येकाने आपली खूण वेगळी निवडावी.

लोगो पसंत करण्याआधी तो अंगठ्याच्या नखाएवढा छापून पाहावा, मग नुसत्या काळ्या रंगात आणि रबरी शिक्क्यावर. या तिन्ही प्रकारे स्पष्ट दिसला तरच तो खोकी, पावत्या आणि मोबाइलच्या पडद्यावर चालतो. तंबाखूच्या पाकिटांवर तर 1 एप्रिल 2016 पासून 85 टक्के मुख्य जागा आरोग्याच्या इशाऱ्याला द्यावी लागते. ब्रँडला उरते ती जेमतेम पट्टी.

निवड झाली की नोंदणी. व्यापारचिन्ह निबंधकांच्या संकेतस्थळावर सारखे चिन्ह आधीच आहे का, हे मोफत शोधता येते. मालाचे आणि सेवांचे 45 वर्ग असून बिडी-तंबाखू 34 व्या, तर मिठाई 30 व्या वर्गात येते. ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना 4,500 रुपये, इतरांना 9,000 रुपये शुल्क आहे. निपाणी-बेळगावच्या व्यावसायिकाचा अर्ज चेन्नई कार्यालयाच्या कक्षेत येतो, तर निपाणीहून अवघ्या 40 किलोमीटरवरच्या कोल्हापूरचा मुंबईच्या. नोंदणी मात्र देशभर लागू होते. चिन्ह निबंधकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात. नोंदणी 10 वर्षे टिकते आणि दर 10 वर्षांनी वाढवता येते. वर्तुळातला ‘आर’ नोंदणीनंतरच लावावा, त्याआधी तो लावणे गुन्हा आहे. लोगो बाहेरच्या चित्रकाराकडून काढून घेतला असल्यास त्याचे सर्व हक्क लेखी कराराने आपल्या नावे करून घ्यावेत.