कोणती सीमा आधी? अमेरिकन पुराणमतवाद्यांमधील एक दीर्घ वाद

एखाद्या राष्ट्राने परकीयांना किती संख्येने आत येऊ द्यावे, आणि स्वतःचे सैन्य व पैसा घेऊन बाहेर कोठवर जावे, हे दोन प्रश्न वरवर पाहता अगदी निराळे वाटतात. पहिल्याचा संबंध कायदा व रोजगार यांच्याशी, तर दुसऱ्याचा परराष्ट्रधोरणाशी. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पुराणमतवादी राजकारणाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे हे दोन्ही प्रश्न एकाच मुळातून फुटले आहेत असे दिसून येते. ते मूळ म्हणजे राष्ट्र कशाला म्हणावे, हा प्रश्न होय. काहींच्या मते अमेरिका हे तत्त्वांवर उभारलेले राष्ट्र आहे. ती तत्त्वे मनापासून स्वीकारणारा कोणीही अमेरिकन होऊ शकतो, आणि जगात त्या तत्त्वांची पाठराखण करणे हेही ओघानेच अमेरिकेचे कर्तव्य ठरते. इतरांच्या मते अमेरिका हेही अन्य राष्ट्रांसारखेच एक राष्ट्र आहे. त्याची एक भूमी आहे, त्याचे लोक आहेत, त्या लोकांची भाषा व रीतिरिवाज आहेत. तेव्हा सरकारची पहिली बांधिलकी त्या लोकांशीच असली पाहिजे.

येथे 'पुराणमतवादी' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केलेला बरा. अमेरिकेत या नावाखाली निदान तीन प्रवाह एकत्र आले आहेत : मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते, धर्म व परंपरा यांना महत्त्व देणारे, आणि देशाच्या लष्करी सामर्थ्यावर भर देणारे. विल्यम बकली यांनी १९५५ साली काढलेल्या 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाने या तिघांना एका व्यासपीठावर आणले. त्यांना एकत्र बांधणारा धागा होता साम्यवादाला विरोध.

शीतयुद्धाने घातलेली सांगड

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्यांची संख्या त्यांच्या जन्मदेशावरून ठरविली होती. उत्तर व पश्चिम युरोपाला तीत मोठा वाटा होता. आशियाला जवळजवळ दारे बंद होती. भारताच्या वाट्याला १९४६ च्या कायद्याने वर्षाला अवघ्या १०० जागा आल्या. १९५२ साली अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, हीच पद्धत नव्या कायद्यात कायम ठेवली. त्याच कायद्यात एक मोठी पळवाटही होती. बेकायदा आलेल्या माणसाला लपवून ठेवणे हा गुन्हा ठरविण्यात आला. मात्र त्याला कामावर ठेवणे म्हणजे लपवून ठेवणे नव्हे, असेही तेथेच नमूद करण्यात आले. नैर्ऋत्येकडील शेतमालकांची सोय अशा रीतीने पाहिली गेली.

याच काळात परराष्ट्रधोरणाने मात्र दार किलकिले केले. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून पळालेले, क्यूबातून आलेले, आणि १९७५ साली सायगाव पडल्यावर आणलेले सुमारे १ लाख ३० हजार व्हिएतनामी व अन्य निर्वासित, हे सारे साम्यवादी राजवटींविरुद्धचे जिवंत साक्षीदार होते. त्यांना आश्रय देणे हा शीतयुद्धाचाच भाग मानला गेला. १९६५ च्या कायद्याने जन्मदेशावर आधारलेली पद्धत रद्द केली, त्यामागेही हा विचार होता : आशिया व आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांची मैत्री हवी, तर त्यांच्या नागरिकांना वंशावरून अडविणे शोभणारे नव्हते. काँग्रेसमधील बहुसंख्य रिपब्लिकन सदस्यांनी त्या कायद्याला पाठिंबा दिला. कडवा विरोध झाला तो मुख्यतः दक्षिणेकडील डेमोक्रॅटांकडून.

मात्र याच कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवरही प्रथमच संख्येची मर्यादा घातली. मेक्सिकोतून शेतमजूर आणण्याची १९४२ पासूनची करारपद्धती १९६४ साली संपली होती. काम होते, मजूर होते, परंतु येण्याची कायदेशीर वाट अरुंद झाली. बेकायदा स्थलांतराच्या प्रश्नाची पाळेमुळे बऱ्याच अंशी येथे सापडतात.

१९८६ चा सौदा

रोनाल्ड रेगन हे पुराणमतवाद्यांचे सर्वांत लाडके अध्यक्ष. त्यांनीच ६ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थलांतर सुधारणा कायद्यावर सही केली. वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर ॲलन सिम्प्सन आणि केंटकीचे डेमोक्रॅट प्रतिनिधी रोमानो मॅझोली यांनी पुढे रेटलेला हा कायदा म्हणजे एक सौदा होता. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून देशात राहत असलेल्यांना व काही शेतमजुरांना कायदेशीर दर्जा मिळावा. त्याच्या मोबदल्यात, परवाना नसलेल्यांना जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकांना यापुढे दंड व्हावा.

सौद्याचा पहिला भाग पुरा झाला. सुमारे २७ लाख लोकांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. दुसरा भाग कागदावर राहिला. मालकाने कागदपत्रे पाहिली म्हणजे त्याची जबाबदारी संपत असे. ती खरी की खोटी, हे पडताळण्याचे भरवशाचे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि ते उभारण्याची निकड व्यापारी वर्गालाही वाटत नव्हती. १९९० साली विनापरवाना राहणाऱ्यांची संख्या सुमारे ३५ लाख होती. २००७ पर्यंत ती १ कोटी २० लाखांच्या वर गेली, असा अंदाज आहे.

पुढील सर्व वादांवर या अनुभवाची छाया पडली आहे. सुधारणेच्या दोन अंगांपैकी माफी एका सहीने देता येते. बंदोबस्ताला मात्र वर्षे लागतात, पैसा लागतो, आणि ज्यांचे हितसंबंध दुखावतात त्यांचा रोष पत्करावा लागतो. त्यामुळे 'आधी काय?' हा प्रश्न पुराणमतवाद्यांच्या दृष्टीने कळीचा बनला. आधी सीमा बंद करा, मग उरलेल्यांचे पाहू, ही मागणी १९८६ च्या कटू अनुभवातून जन्मली.

धागा तुटतो

शीतयुद्ध संपताच जुना धागा सैल झाला. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने १९८४ सालीच खुल्या सीमांचा पुरस्कार करणारा अग्रलेख लिहिला होता. माल व भांडवल यांप्रमाणे श्रमही मुक्तपणे वाहावेत, ही त्यामागील भूमिका. उलट 'नॅशनल रिव्ह्यू'ने १९९२ साली पीटर ब्रिमेलो यांचा प्रदीर्घ लेख छापून कायदेशीर स्थलांतराचाही फेरविचार करण्याची मागणी केली. त्याच वर्षी पॅट ब्युकॅनन यांनी स्वपक्षाचेच अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांना आव्हान दिले व न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत सुमारे ३७ टक्के मते मिळविली. ब्युकॅनन आखाती युद्धाचे विरोधक होते. मेक्सिकोच्या सीमेवर कडक बंदोबस्त हवा, हाही त्यांचाच आग्रह. सोव्हिएत धोका संपल्यावर दूरदेशी सैन्य कशाला, असे विचारणारा माणूसच आपल्या सीमेवर पहारा का नाही, असेही विचारू लागला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

१९९४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी विनापरवाना राहणाऱ्यांना सरकारी शाळा व बहुतेक आरोग्यसेवा नाकारणारा '१८७ वा प्रस्ताव' सुमारे ५९ टक्के मतांनी संमत केला. रिपब्लिकन राज्यपाल पीट विल्सन त्याचे पुरस्कर्ते होते. तर त्याच पक्षाचे जॅक केम्प व विल्यम बेनेट यांनी त्याला उघड विरोध केला. पुढे न्यायालयाने तो अंमलात येऊ दिला नाही; पक्षातील भेग मात्र सर्वांना दिसून आली.

धाकट्या जॉर्ज बुश यांनी ही भेग सांधण्याचा प्रयत्न केला. मेक्सिकोचे अध्यक्ष व्हिसेंते फॉक्स सप्टेंबर २००१ च्या पहिल्या आठवड्यात वॉशिंग्टनला आले, तेव्हा स्थलांतराविषयी करार होईल अशी आशा होती. त्यानंतर आठवडाभरातच न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर हल्ले झाले आणि सारी चर्चा पालटली. स्थलांतराचे काम २००३ साली नव्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे गेले. जो विषय श्रमाचा होता, तो सुरक्षेचा बनला. त्याच वर्षी इराकवर स्वारी झाली. ब्युकॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली काढलेल्या 'द अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह'ने तिला विरोध केला, तेव्हा 'नॅशनल रिव्ह्यू'मध्ये डेव्हिड फ्रम यांनी या विरोधकांच्या देशभक्तीविषयीच शंका घेतली. बुश यांना इराकमध्ये लोकशाही रुजवायची होती आणि देशात विनापरवाना राहणाऱ्यांना कायदेशीर वाट द्यायची होती. दोन्हींच्या मुळाशी तत्त्वांवर उभारलेल्या राष्ट्राचीच कल्पना होती. २८ जून २००७ रोजी त्यांच्या पाठिंब्याचे विधेयक सिनेटमध्ये अडकले. चर्चा संपविण्यास ६० मते हवी होती, मिळाली ४६. २०१३ साली सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी दुसरे विधेयक संमत केले. त्यात सीमेवर सुमारे २० हजार जादा रक्षक नेमण्याची तरतूद होती; तरीही अवघे १४ रिपब्लिकन सदस्य त्याच्या बाजूस आले. रिपब्लिकनांचे बहुमत असलेल्या प्रतिनिधिगृहाने ते चर्चेलाही घेतले नाही.

डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ साली या दोन्ही पराभूत प्रवाहांना एकत्र केले. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत, आणि इराक युद्ध ही घोडचूक होती हे स्वपक्षाच्या व्यासपीठावरून ठासून सांगणे, ही त्यांच्या प्रचाराची दोन अंगे होती.

युक्रेनची सीमा की टेक्ससची?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष बायडेन यांनी युक्रेन, इस्राएल व सीमाव्यवस्था यांसाठी मिळून सुमारे १०६ अब्ज डॉलर मागितले. युक्रेनच्या सीमा राखण्यापूर्वी आपली सीमा राखा, असे रिपब्लिकन सदस्यांनी उत्तर दिले. मग ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर जेम्स लँकफर्ड यांनी विरोधी पक्षाशी चार महिने वाटाघाटी करून, आश्रय मागणाऱ्यांसाठी कडक निकष लावणारे व गर्दी वाढल्यास सीमा बंद करण्याचा अधिकार देणारे विधेयक तयार केले. त्यात विनापरवाना राहणाऱ्यांना सरसकट माफी नव्हती. तरीही ट्रम्प यांनी विरोध जाहीर केला, आणि ७ फेब्रुवारी २०२४ रोजी ते सिनेटमध्ये पडले. टीकाकारांचे म्हणणे असे, की अध्यक्षाला हवे तेव्हा कायदा शिथिल करता येत असेल, तर नव्या कायद्याला अर्थ नाही. समर्थकांचे म्हणणे असे, की पिढीतून एकदा येणारी संधी निवडणुकीपायी दवडली गेली. एप्रिलमध्ये युक्रेनची मदत वेगळ्या विधेयकाने प्रतिनिधिगृहात संमत झाली. रिपब्लिकनांपैकी १०१ बाजूने होते, ११२ विरुद्ध.

ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावरही वाद मिटला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कुशल कामगारांच्या एच-१बी परवान्यावरून त्यांच्याच गोटात इलॉन मस्क व स्टीव्ह बॅनन यांचे पक्ष एकमेकांवर तुटून पडले. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्बफेक होण्यापूर्वी बॅनन व टकर कार्लसन यांनी युद्धात पडण्यास विरोध केला. सिनेटर टेड क्रूझ यांच्यासारखे नेते कारवाईच्या बाजूने होते.

कोणाचे काय पणाला लागले आहे

भारतीय वाचकाला हा वाद दूरचा वाटण्याचे कारण नाही. मंजूर होणाऱ्या एच-१बी परवान्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतात जन्मलेल्यांना मिळत आले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा पुणे, हैदराबाद व बंगळूर येथील अनेक घरांत चिंता पसरली. एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याच्या नियमामुळे नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांना आधीच वर्षानुवर्षे ताटकळावे लागते.

वादाचे दोन्ही धागे जेथे प्रत्यक्ष एकमेकांत गुंततात, ते उदाहरण अफगाणांचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर सत्तर हजारांहून अधिक अफगाण अमेरिकेत आणले गेले. त्यांतील कित्येक अमेरिकन सैन्याचे दुभाषे व साहाय्यक होते. बहुतेकांना प्रवेश मिळाला तो तात्पुरता. त्यांना कायम दर्जा देणारे विधेयक २०२२ मध्ये मांडले गेले, परंतु संमत झाले नाही. ज्यांनी आपल्या सैनिकांबरोबर जीव धोक्यात घातला त्यांना दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असे काही पुराणमतवादी म्हणत होते. पुरेशी तपासणी न झालेल्यांना कायमचे घेणे हा आपल्या नागरिकांशी द्रोह होईल, असे इतर म्हणत होते. दोघेही कर्तव्याचीच भाषा बोलत होते. ते कर्तव्य प्रथम कोणाविषयी, एवढ्यावरच त्यांचा मतभेद होता.

देशाला सीमा असावी, हे या वादातील जवळजवळ सर्वांना मान्य आहे. अडते ते विश्वासापाशी. आपला भाग पुरा झाल्यावर समोरचा आपला भाग पुरा करील, असा भरवसा १९८६ नंतर कोणत्याच बाजूस उरला नाही. म्हणून प्रत्येकजण आपली अट आधी मांडतो, आणि कायदा जेथे होता तेथेच राहतो. दरम्यान विनापरवाना राहणाऱ्यांची संख्या २०२३ साली सुमारे १ कोटी ४० लाख झाल्याचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळांची मुले जन्माने अमेरिकन नागरिक आहेत. आईबाप एका कायद्याखाली आणि मुले दुसऱ्या कायद्याखाली, अशी ही कुटुंबे निकालाची वाट पाहत आहेत.