खोटी सुई कशासाठी?

समजा, देवनारमधल्या दहा जणांनी खांदेदुखीवर ॲक्युपंक्चर करून घेतलं आणि सात जणांना बरं वाटलं. सुया लागू पडल्या? एवढ्यावरून नाही सांगता येत. खांदा पुष्कळदा काळाने आपसूक सैल होतो. शिवाय माणूस उपचाराला जातोच दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते थोडंफार उतरणारच.

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आहे. पण कायदा म्हणजे परिणामाचा पुरावा नव्हे. सिनॉप्सिस लिहिताना ही गल्लत करू नका!

पुरावा हवा तर तुलना हवी. कशाशी? १९९८ साली जर्मनीत श्ट्राइटबर्गर यांनी एक बोथट सुई मांडली. टोचल्यासारखी वाटते, पण नाटकातल्या सुरीसारखी मुठीत सरकते. रुग्णाला कळत नाही. टोचणाऱ्याला मात्र कळतं, ती अडचण राहतेच.

जर्मनीतच खांदेदुखीच्या ४२४ रुग्णांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०१० मध्ये आले. तिथे खोटा उपचार म्हणजे भलत्याच जागी वरवर टोचणं. उपचारानंतर तीन महिन्यांनी वेदना निम्म्याने तरी कमी झालेले रुग्ण: खऱ्या ॲक्युपंक्चरचे ६५ टक्के, खोट्याचे २४, नेहमीच्या उपचारांचे ३७.

फरक घसघशीत आहे. पण खोटा गट नेहमीच्या उपचारांच्याही मागे का? मला तरी इथे शंका येते, की त्यातल्या काहींनी ओळखलं असावं. तसं असेल तर ४१ टक्क्यांच्या त्या फरकातला काही भाग सुईचा नाही, निराशेचा आहे. म्हणून तुमच्या प्रश्नावलीच्या शेवटी एक प्रश्न जरूर घाला: ‘तुम्हाला कोणता उपचार मिळाला असं वाटतं?’