बोटं मोजणारं लेकरू

अकोल्याच्या एका वस्तीत विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यास चालतो. तिथे एक माय आम्हाला म्हणाली, "दुसरीत गेला जी, तरी बोटंच मोजते. डोक्यानं कमी त नाही ना?" पोरगं मान खाली घालून उभं. आम्ही विचारलं, तीन आणि आठ किती? त्यानं तीन बोटं उघडली अन् मोजलं: नऊ, दहा, अकरा. "आठ त हायेच ना!" हे वर आम्हालाच ऐकवलं.

मोठा आकडा मनात धरून पुढे मोजायचं, ही युक्ती पुष्कळ मुलं आपली आपण शोधतात. रॉबर्ट सीगलर आणि एरिक जेन्किन्स या अमेरिकी संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना कित्येक आठवडे बेरजा घालून हे पाहिलं. १९८९ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. युक्ती सापडण्याच्या आधी मूल रेंगाळतं, जास्त वेळ घेतं. आपण ओरडतो ते नेमकं तेव्हाच! सापडल्यावरही जुनी रीत लगेच सुटत नाही. सोपी बेरीज तोंडपाठ, अवघडाला बोटं, हे एकच लेकरू एकाच दिवशी करतं. त्याची ती निवड असते.

अमरावतीच्या बाजारात मायबापासोबत भाजीवर बसणारी पोरं बघा. चाळीस रुपये किलोचा पाव किलो कितीला? निम्मे वीस, त्याचे निम्मे दहा. वहीवर तोच भागाकार दिला की गडबडतात. कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचं असंच दिसलं, तो अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेतली मुलं उलट बाजाराच्या हिशोबात अडली. म्हणून घरी वहीआधी पैशांवरून विचारावं, मग तेच लिहून दाखवावं.

मार मात्र नको. भ्यालेल्या लेकराचं डोकं भीतीतच गुंततं, आकडे धरायला जागा उरत नाही. "कसं काढलं?" एवढं विचारा, उत्तर चुकलं असलं तरी.

बोटं मोजणं आजार नाही. पण तिसरी-चौथीतही लहान-मोठी संख्या ओळखू येत नसेल, तर आधी डोळे-कान तपासून घ्या. अंगणवाडीत, सरकारी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका. गणिताची खरीच अक्षमता निघाली तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तिची नोंद आहे, प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलत मिळते. त्या मायला आम्ही एवढंच सांगितलं, बाई, याला अजून थोडी मोठी बेरीज द्या.