तारवाचं दार कोणी लावलं?

नगरला आमच्या घरी रात्री जेवणाआधी प्रार्थना असे आणि प्रार्थनेआधी शास्त्रवाचन. आजीला दिसत नसे, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. 'अनुवाद' या पुस्तकाचा शेवटचा, चौतिसावा अध्याय वाचताना एकदा मी अडखळले. मोशे मरतो, त्याला पुरतात आणि त्याची कबर कुठे आहे हे आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही, असं तिथं आहे. बायबलची पहिली पाच पुस्तकं मोशेनंच लिहिली असं संडेस्कूलमध्ये शिकवलं होतं. मग हे कोणी लिहिलं? आजी म्हणाली, "यहोशवानं लिहिलं आसंल. वाच पुढं, भाकरी गार व्हायलीय."

पुष्कळ वर्षांनी कळलं की आजीचं उत्तर ज्यूंच्या तालमूदमध्येही आहे. शेवटची आठ वचनं यहोशवाची, असं एक मत. दुसरं मत असं की देव सांगत गेला आणि मोशेनं स्वतःचं मरण रडत रडत लिहून घेतलं. म्हणजे प्रश्न फार जुना. तो विचारायला नास्तिक व्हावं लागत नाही. पण मला खटकला होता तो 'आजपर्यंत' हा शब्द. काल घडलेल्या गोष्टीला कोणी 'आजपर्यंत' म्हणत नाही.

मी एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. एकदा एक स्मरणिका आली. मजकूर दोघांनी लिहिलेला, पण संपादकानं नावं काढून सगळा सलग केलेला. एक गृहस्थ 'परंतु' लिहीत, दुसरे 'पण'. एकांना तारीख, वार, वर्गणीचा आकडा सगळं हवं. दुसऱ्यांना 'त्या पावसाळ्यात' एवढं पुरे. चौथ्या गॅलीपर्यंत कुठला परिच्छेद कोणाचा हे मी डोळे झाकून सांगितलं असतं. शास्त्राचे अभ्यासक करतात ते काम याच जातीचं.

मराठी बायबल उघडून बघा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सृष्टी घडवणारा 'देव' आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापाशी तो एकदम 'परमेश्वर देव' होतो आणि निर्मितीची गोष्ट पुन्हा, वेगळ्या क्रमानं सुरू होते. पहिलीत पशू आधी, माणूस शेवटी. दुसरीत आदाम आधी आणि पशू त्याच्यानंतर. मूळ हिब्रूत एके ठिकाणी 'एलोहीम' आहे, तर दुसरं नाव चार व्यंजनांचं. ज्यू ते उच्चारत नाहीत, त्याजागी 'अदोनाय' म्हणजे प्रभू म्हणतात. आमच्या भाषांतरकारांनी एकाला 'देव' आणि दुसऱ्याला 'परमेश्वर' असे शब्द नेमून फरक सांभाळला. त्यामुळे हिब्रूचं एक अक्षर न येताही मराठी माणसाला सांधा दिसतो.

पाचही पुस्तकं मोशेची नाहीत, असं तत्त्वज्ञ स्पिनोझानं १६७० मध्ये उघड लिहिलं होतंच. ही नावं धरून मजकूर वेगळा करण्याचा उद्योग मात्र जाँ आस्त्रूक या फ्रेंच वैद्यानं १७५३ मध्ये केला. हे पंधराव्या लुईचे राजवैद्य. गुप्तरोगांवर त्यांचा मोठा ग्रंथ होता. एका अंगावरच्या दोन रोगांची लक्षणं निरनिराळी ओळखायची सवय इथं उपयोगी पडली असणार, असं मला आपलं वाटतं. त्यांनी उत्पत्तीचा मजकूर वेगवेगळ्या रकान्यांत मांडला आणि पुस्तक निनावी छापलं. गंमत म्हणजे त्यांना मोशेचा बचावच करायचा होता: मोशेसमोर जुनी कागदपत्रं होती, ती त्यानं जुळवली, एवढंच त्यांचं म्हणणं.

नुसत्या नावांवरून निकाल देता येत नाही, हेही खरं. एकच लेखक दोन्ही नावं वापरू शकतो. आम्हीही प्रार्थनेत वापरतो. अनेक खुणा एकाच बाजूला पडू लागल्या की मग संशय पक्का होतो. जलप्रलयाची गोष्ट त्यासाठी सर्वांत चांगली. सहाव्या अध्यायात 'देव' नोहाला सांगतो, प्रत्येक जातीचे दोन प्राणी तारवात घे, नर आणि मादी. सातव्यात 'परमेश्वर' सांगतो, शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या घे. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाण्याचा जोर दीडशे दिवस. जिथं 'देव' आहे तिथं आकडेच आकडे: तारू ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच, नोहाच्या वयाचं सहाशेवं वर्ष, दुसरा महिना, सतरावा दिवस. माझे वर्गणीवाले गृहस्थ! 'परमेश्वर' मात्र हळहळतो, आणि शेवटी होमाचा सुवास घेतो.

त्या होमातच दोन आणि सातचं उत्तर आहे. प्रलय ओसरल्यावर नोहा शुद्ध पशूंचा होम करतो. एकच जोडी असती तर त्या होमात जातच संपली असती, म्हणून त्या गोष्टीला सात जोड्या लागतात. आकडेवाल्या लेखकाला अभ्यासक 'याजकीय' म्हणतात. त्याच्या लेखी मोशेचा भाऊ अहरोन याजक होईपर्यंत होमच नाही. त्यामुळे त्याला दोन प्राणी पुरतात, आणि त्याच्या गोष्टीत नोहा होम करतही नाही.

काळ ठरवायच्या खुणा निराळ्या. उत्पत्तीच्या छत्तिसाव्या अध्यायात, इस्राएलावर राजा होण्यापूर्वी अदोमात कोण राजे होते, याची यादी आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला इस्राएलातले राजे ठाऊक होते. इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमारास, योशीया राजाच्या काळात, यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडल्याची हकीकत 'राजे' या पुस्तकात आहे. तो ग्रंथ म्हणजे 'अनुवाद'च्या गाभ्याचा मजकूर असावा, हे अभ्यासक डी वेट यांनी १८०५ मध्ये मांडलं. १८७८ मध्ये यूलिऊस वेलहाउझेन यांनी हे धागे ओवून चार लेखनप्रवाहांचा सिद्धान्त रूढ केला. आपण विद्यार्थ्यांना चर्चच्या सेवेसाठी तयार करू शकत नाही, असं मनाला लागून त्यांनी १८८२ मध्ये धर्मशास्त्राची प्राध्यापकी सोडली. मला त्यांच्या सिद्धान्ताइतकाच हा राजीनामा मोठा वाटतो. त्यांची चौकट आज बरीच खिळखिळी झाली आहे. चारातला एक प्रवाह स्वतंत्र होता का, यावरच वाद आहे. याजकीय मजकूर वेगळा, यावर मात्र बहुतेकांचं एकमत टिकून आहे.

मला कुतूहल आहे ते जुळवणाऱ्याचं. माझ्यासमोर असा मजकूर आला असता तर मी समासात प्रश्नचिन्ह काढून 'दोन की सात? मूळ प्रत पाहावी' असं लिहिलं असतं, आणि संपादकानं एक आकडा खोडला असता. या माणसापुढे दोन मूळ प्रती होत्या आणि दोन्ही पवित्र. त्यानं दोन ठेवले, सातही ठेवले. विसंगती त्याला दिसली नसेल, हे मी मानायला तयार नाही.

मागच्या पावसाळ्यात मी ते अध्याय रंगवायला घेतले. आजीच्या शास्त्रावर हात धजावेना, म्हणून झेरॉक्स काढली. याजकीय मजकुराला निळी पेन्सिल, दुसऱ्याला लाल. सातव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनाशी थांबले. देवानं सांगितल्याप्रमाणे नर-मादी आत गेले, इथवर निळी. वचन अजून संपलं नव्हतं. निळी खाली ठेवली, लाल उचलली. मग परमेश्वरानं नोहाच्या मागून दार लावून घेतलं.